परबमास्तरांची सही

परबमास्तर चहा पिण्याआधी कपाला टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. आवाज बद्द आला की कप परत. वैतागून कँटीनवाल्यानं त्यांच्यासाठी पितळेचा पेला आणला. मास्तरांनी त्यालाही टिचकी मारलीच.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीच्या आमच्या कारखान्यात ते तपासनीस होते आणि मी त्यांचा अप्रेंटिस; दुपारचा डबाही आम्ही एकत्रच खायचो. काम एकच, लोखंडी भाग न फोडता त्यातली चीर शोधायची. आधी हातोडीनं ठोकून ऐकायचं. शंका आलीच तर तो भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. चिरेत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ काढायचं.

"लोखंड खोटा बोलणा नाय," मास्तर म्हणायचे. "माणसापेक्षा बरा."

वर्ष संपलं. बाकीच्या अप्रेंटिसांच्या कागदांवर सह्या झाल्या. मला मात्र मास्तरांनी दोनदा नापास केलं. तिसऱ्या खेपेला साहेब स्वतः हजर राहिले. समोर क्रेनचा हूक होता. मी ठोकून पाहिला आणि म्हटलं, "मानेपाशी चीर आहे."

रॉकेल झालं, खडू झाला. रेघ नेमकी मानेपाशीच उमटली.

"शाब्बास! परब, करा सही," साहेब म्हणाले.

"अजून कच्चो आसा," म्हणून मास्तर चालते झाले.

माझी अंबरनाथला नोकरी ठरली होती. सोमवारी कागद दाखवला नाही, तर वाट लागणार होती. रविवारी दुपारी कागद घेऊन मी तडक घाटकोपरला त्यांच्या चाळीत गेलो. मास्तर भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवत होते.

"मास्तर, माझं काय चुकलं ते सांगा!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते भात चिवडत म्हणाले,

"तुझा काय चुकूक नाय. पयल्या खेपेकच पास झालंस."

"मग?"

"बायको गेल्यापासून घरात बोलूक कोण नाय. कारखान्यात तू माझ्यावांगडा जेवतंस. तू गेलंस काय मी जेवतलंय कोणावांगडा?"

मास्तरांनी हात धुतला, कागद मांडीवर घेऊन सावकाश सही केली. मग फळीवरून दुसरं ताट काढलं. त्यावर धूळ होती. धोतराच्या सोग्यानं ती पुसत ते म्हणाले,

"बस. भात निवता."