डोळ्यांत न भरणारा रंग

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या आमच्या वॉटलबर्ड गल्लीतली सगळी घरं एकाच कंत्राटदाराने एकाच विटेत बांधली. वीट गडद तपकिरी. त्या काळी हा रंग फार आधुनिक समजला जाई. पुढे तो जुनाट समजला जाऊ लागला आणि अलीकडे पालिकेने त्याला वारसा म्हणून जाहीर केलं. विटा जागच्या हलल्या नाहीत. जे काही बदललं ते आमच्या डोक्यात.

जूनच्या थंडीतल्या एका संध्याकाळी मॉयरा पेंगेली फिरून आल्या, दार ढकलून आत गेल्या, चहाची किटली लावली आणि बैठकीच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "लेन, ओला टॉवेल घेऊन सोफ्यावर बसू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

टॉवेल होता आणि ओलाही होता. पण त्याच्या आत लेन नव्हता. केल्व्हिन टिंडल नावाचा शेजारी अंघोळ करून फुटबॉलचा सामना बघत बसला होता. घर त्याचंच होतं.

"माझाही चहा टाका, मॉयरा," तो अवघडून म्हणाला. "आणि जरा तिकडे तोंड करा, मी पँट घालून येतो."

मॉयरांची नजर वर्षभरापासून मधोमध विरत चालली होती. कडेकडेचं थोडं दिसे, भडक रंग तेवढा नीट दिसे. एकेकाळी गल्लीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनी पोहायला शिकवलं होतं. पाण्याखाली कोण घाबरलंय हे काठावरून ओळखणाऱ्या बाईला आता स्वतःचं घर ओळखता येत नव्हतं. केल्व्हिनने ती गोष्ट हसण्यावारी नेली. मॉयरांनी नेली नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

"मला आपलं घर दिसत नाही, लेन," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कुणालाच दिसत नाही," लेन म्हणाला. "म्हणून तर कधी चोर आला नाही."

"थट्टा नको. आपण ते पिवळं करू या. परसातल्या झाडावरचं लिंबू मला अजून दिसतं. तसलं पिवळं."

लेन लग्नापासून तपकिरी रंगाचा कैवारी. तपकिरीवर मळ दिसत नाही, हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं.

"पिवळ्यावर मळ दिसेल," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "मी धुवत जाईन."

दोघं पालिकेत गेली. तिथे परिसर-स्वभाव विभागात गॅरेथ लोव्हल नावाचे अधिकारी बसत. अत्यंत सभ्य माणूस. नकारसुद्धा असा देत की ऐकणाऱ्याने आभार मानावेत.

"विटेला रंग द्यायला आमची मुळीच हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त तो रस्त्याच्या स्वभावाशी जुळायला हवा."

"रस्त्याला स्वभाव असतो?" लेनने विचारलं.

"प्रत्येक रस्त्याला असतो. तुमच्या रस्त्याचा 'संयमी' आहे. त्यामुळे पिवळा बसणार नाही. चांगल्या रंगाची खूण सांगू? घर चटकन डोळ्यांत भरत नाही."

"पण माझ्या डोळ्यांत ते भरायलाच हवंय," मॉयरा म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर रंगवतेय."

गॅरेथ यांनी सहानुभूतीने मान हलवली. "म्हणजे तुमच्या अर्जाचं कारण हीच तुमच्या अर्जावरची हरकत आहे. असं क्वचित होतं. तरी शेजाऱ्यांचं मत घेऊ."

शेजाऱ्यांची सभा शर्लीन मॅकॉली यांच्या अंगणात भरली. शर्लीन घरांच्या खरेदी-विक्रीत होत्या, शिवाय त्यांनी शनिवार-रविवारचा रंगसंगतीचा वर्ग केला होता. म्हणजे गल्लीच्या दृष्टीने त्या तज्ज्ञ. शेगडीवर सॉसेज भाजले जात होते. मॉयरांच्या डोळ्यांबद्दल सगळ्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. मग सॉसेज पावात घालून सगळ्यांनी पिवळ्याला विरोध केला.

"मॉयरा, वाईट वाटून घेऊ नका हं," शर्लीन म्हणाल्या, "पण घराने ओरडू नये. घराने कुजबुजावं."

"कुजबूज मला ऐकू येते गं," मॉयरा म्हणाल्या. "दिसत नाही."

"आज पिवळं केलं, उद्या कुणी जांभळं करेल," केल्व्हिन म्हणाला. "मला काही अडचण नाही. पण घर विकायची वेळ आली तर?"

"तू घर विकतोयस?"

"छे! मरेपर्यंत इथेच राहणार आहे. पण तत्त्व म्हणून."

शर्लीननी रंगांच्या पट्ट्या पसरल्या. 'विरलेलं मीठ', 'कालचा कागद', 'मंद शिंपला', 'दुधाची आठवण'. लेनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "हे सगळे पांढरे आहेत."

"म्हणूनच तर निवडायला इतका विचार लागतो," शर्लीन म्हणाल्या.

गल्लीने एकमताने 'मंद शिंपला' मंजूर केला आणि पालिकेने वारशाला अपवाद म्हणून परवानगी दिली. निदान तपकिरी घरांत एक पांढरं घर उठून दिसेल, अशी लेनने मॉयरांची समजूत घातली. समजूत चुकीची नव्हती. तिने फक्त आम्हा शेजाऱ्यांचा हिशेब धरला नव्हता.

शर्लीननी 'मंद शिंपला' कसा दिसतो ते पाहायला स्वतःच्या भिंतीवर एक पट्टा ओढला. पट्टा छान दिसला, पण त्याच्या शेजारची भिंत मळकी दिसू लागली, म्हणून त्यांनी भिंत रंगवली. भिंतीमुळे घर मळकं दिसू लागलं आणि घरामुळे केल्व्हिनचं घर. एकदा अपवाद केलेला रंग दुसऱ्याला नाकारायचा कसा, असा प्रश्न पालिकेला पडला. तो तिने परवानग्या देऊन सोडवला. वसंत येईपर्यंत सगळी गल्ली पांढरी झाली. फक्त पेंगेलींचं घर तेवढं राहिलं, कारण रंगारी आमच्याकडे कामात होते. मॉयरांच्या अडचणीतून गल्लीला इतका सुंदर रंग सापडला, याबद्दल त्यांच्याविषयी सर्वांनाच कृतज्ञता होती.

एका संध्याकाळी मॉयरा दुकानातून परतत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थबकल्या. फिकट धुक्यासारख्या रांगेत मधोमध एक काळाभोर ठोकळा उभा होता.

"लेन!" त्या तिथूनच ओरडल्या. "अरे, मला आपलं घर दिसतंय!"

त्या कुणाचा हात न धरता सरळ चालत आल्या आणि फाटकाशी उभ्या राहून रडल्या. लेनने दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं. "इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?" असं तो आठवडाभर भेटेल त्याला विचारत होता.

ते तपकिरी घर आम्हालाही सोयीचं झालं. पाहुण्यांना आम्ही सांगू लागलो, "तपकिरी घरापासून तिसरं." घरपोच जेवण आणणारे तपकिरी घराशी थांबून दारं मोजत. नव्या पोस्टमनची तर त्यावरच भिस्त होती. पण सोय वेगळी आणि शोभा वेगळी. पालिकेकडे एक निनावी तक्रार गेली. ती सगळ्यांचीच असल्यामुळे खाली नाव लिहायची गरज पडली नाही.

गॅरेथ लोव्हल स्वतः आले. "रस्त्याचा स्वभाव बदललाय," ते हळुवारपणे म्हणाले. "आता तो 'प्रसन्न' आहे. त्यात तुमचं घर उदास दिसतं."

"परवापर्यंत हाच रंग वारसा होता ना?" मॉयरांनी विचारलं.

"वारसा व्हायला निदान दोन घरं लागतात, मिसेस पेंगेली. एकच उरलं की त्याला अडथळा म्हणतात."

"आणि मी घरी कशी येऊ?"

"तो वाहतूक विभागाचा विषय आहे. मी तुम्हाला त्यांचा दूरध्वनी क्रमांक देतो." आणि त्यांनी खरोखरच दिला.

लेन खूप भांडला. त्याने वाहतूक विभागालाही फोन केला; रस्ता चुकणारी व्यक्ती वाहन नसल्यामुळे त्यांनी खेद व्यक्त केला. शेवटी घराला 'मंद शिंपला' लागला. रंग लागत होता तेव्हा मॉयरा आत पाठ फिरवून बसल्या होत्या. गल्लीने केक नेऊन दिला.

त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झालं ते सांगायला संकोच वाटतो. कुणाचा पिझ्झा कुणीही खाऊ लागलं. शर्लीन ज्यांना घर दाखवायला घेऊन आल्या त्यांना त्यांनी भलतंच घर दाखवलं, आणि गिऱ्हाइकांना ते पसंतही पडलं. एकदा केल्व्हिन कामावरून थकून आला, बूट काढून आडवा झाला आणि जाग आल्यावर त्याला आढळलं की तो शर्लीन मॅकॉलींच्या पलंगावर आहे. त्याचे डोळे उत्तम आहेत. वैमानिकाची परीक्षा पास झालाय.

पुन्हा सभा भरली. गॅरेथनाही बोलावलं. सार्वजनिक सोयीसाठी गल्लीतलं कोणतंही एक घर ठळक, लांबून दिसेल अशा रंगात रंगवायला पालिका तयार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. कल्पना सर्वांना एकदम पटली. मग सगळ्यांच्या माना पेंगेलींकडे वळल्या.

"तुम्हाला पिवळं हवंच होतं, मॉयरा!" शर्लीन गोड हसून म्हणाल्या. "आता कुणाचीच हरकत नाही."

मॉयरांनी हातातला कप खाली ठेवला. "आता नको. संध्याकाळी लेन बाहेर रेडिओवर क्रिकेट लावून बसतो. मोठ्यांदा. मी आवाजाच्या रोखाने चालत येते आणि माझं घर मला सापडतं. तुमची तुम्ही शोधा."

नाइलाजाने गुप्त मतदान झालं. आम्ही सगळे सुसंस्कृत लोक असल्यामुळे निकाल अगदी समसमान लागला: प्रत्येक घराला एकेक मत पडलं, आणि ते शेजारून आलेलं होतं. मी कोणाचं नाव लिहिलं ते सांगणार नाही. केल्व्हिनच्या घराला सकाळचं ऊन चांगलं लागतं, एवढंच म्हणेन.

तेव्हा आता पालिकेने बाहेरच्या, त्रयस्थ, समंजस माणसांकडून सल्ला मागवला आहे. इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही तसेच आहात आणि एव्हाना मनातल्या मनात आम्हाला नावं ठेवून तुम्ही एक छान भडक रंग निवडलाही असेल. जरूर कळवा. अट एकच: तो रंग आधी तुमच्या स्वतःच्या घराला बाहेरून लावायचा आणि वर्षभर तिथे राहून दाखवायचं.

काल चौकशी केली. अजून एकही सूचना आलेली नाही.