रिकाम्या गाडीत धरलेली जागा

गाडीत जागा कशी धरावी, हे मले कोणी शिकवू नये! कोराडीले तीस वर्षं नोकरी केली. गावी जाताना दरवेळी खिडकीतून पिशवी टाकून अख्ख्या घराले बसवून नेलं. मग फ्रान्सची गाडी काय सोन्याची असते?

पोरीकडे, मयुराकडे गेलो होतो. दिजोंहून बोन, वीस-बावीस मिनिटांचा प्रवास. बोनले अकरा वाजता तिची नोकरीची मुलाखत. दोन वर्षं अर्ज करून करून पोर थकली, तेव्हा कुठं हे बोलावणं आलं होतं.

"बाबा, मी कॉफी आणते. इथंच उभे राहा."

उभं कोण राहते! गाडी लागलेलीच होती. चढलो. अख्खा डबा रिकामा! तरी खिडकीजवळ पिशवी ठेवली अन् पोरीले खुशखबर द्यायले कॉफीच्या दुकानाकडे पळालो.

तिले घेऊन परत येतो तर पोलीस सगळ्यायले गाडीतून उतरवून राहिले. सोबत हा एवढा कुत्रा!

"काय झालं वं?"

"कोणीतरी बेवारस बॅग ठेवून गेलं. इथं बॉम्बच समजतात. तपासल्याशिवाय गाडी हलत नाही."

माझ्या पिशवीत घरवालीनं, प्रेमलतानं, दोरीनं करकचून बांधलेला स्टीलचा डबा! सांगावं म्हटलं, पण पोरीचा चेहरा पाहून भ्यालो. उलट मीच ओरडलो, "लोकायले अक्कलच नाही!"

"कोणता मूर्ख आहे, काय माहीत!"

"महामूर्ख!"

साडेदहा वाजले. पोर रडकुंडीले आली. मी खांबाकडे पाहत उभा.

"बाबा, माझी मुलाखतीची फाइल द्या. टॅक्सी पाहते."

फाइल! पोरीच्या हातून हरवेल म्हणून सकाळी मीच ती पिशवीत कोंबली होती.

"मयुरा... तो महामूर्ख..."

पुढं बोलायची गरजच पडली नाही.

पोलिसासमोर हात जोडले. त्यानं डबा उघडला. कुत्र्यानं लसणाच्या चटणीचा वास घेतला अन् फटाफट शिंकला! सारा प्लॅटफॉर्म मले पाहून राहिला होता. असं वाटलं, रुळाखाली बीळ असतं तर घुसलो असतो.

अकरा तिथंच वाजले. पोरीनं फोनवर विनवण्या केल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

"उशीर काहून झाला म्हणून सांगितलं वं?"

"कोण्या अनोळखी माणसाची बॅग होती म्हटलं."

पोरीनं बापाची लाज राखली! अन् बाप तिच्याच तोंडावर अर्धा तास खोटं बोलला. लई शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी जोडे घालून मी तिच्याआधी दारात. "चाल, सोबत येतो."

"आपण कोण? ओळखलं नाही!" म्हणे, अन् बाहेरून दार लावून गेली.

मी जोडे काढले.