तीन मजल्यांचं रान

गयाआत्या आम्हाला जिना चारायची.

याला दुसरा शब्द नाही. इतर बिल्डिंगांमधली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी झोपायची किंवा टीव्हीसमोर पडून राहायची. आमच्या बिल्डिंगमधली चौदा मुलं बरोबर तीन वाजता जिन्यावर चरायला जायची. खालून जीभ टाळूला लावून काढलेला 'टुर्रर्र' असा आवाज यायचा आणि हातातली आंब्याची कोय टाकून आम्ही दाराबाहेर. आईच्या चार हाका ऐकू यायच्या नाहीत. हा आवाज मात्र बाथरूममध्येही ऐकू यायचा.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत आमची तीन मजल्यांची, नऊ घरांची बिल्डिंग. समोर एक रिकामा प्लॉट होता. त्यात दोन लिंबाची झाडं, आणि बाकी सगळं आमचं. मी अकरा वर्षांची होते तेव्हा त्या प्लॉटभोवती पत्रे लागले आणि मग दुकानं उभी राहिली. कुणी कुणाला विचारलं नाही, मुलांना तर नाहीच. शहराच्या नकाशावर मैदान हिरव्या रंगानं भरतात आणि जमिनीवर सिमेंटनं, हे मला तेव्हा कळलं आणि ते अजून पचलेलं नाही. आम्हाला उरली गल्ली, आणि तिच्यात रिक्षा, खरेदीला आलेल्यांच्या दुचाक्या आणि चपलेतून चटके देणारं डांबर.

त्याच उन्हाळ्यात गयाआत्या देवगाव रंगारीहून तिच्या मुलाकडं राहायला आली. जन्म मेंढरांमागं गेलेला. मुलगा शिकला, सरकारी नोकरीला लागला, त्यानं पहिल्या मजल्यावर घर घेतलं आणि मेंढरं विकायला लावून आईला घेऊन आला. सून सुनीता तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी बिल्डिंग आत्या म्हणायला लागली. येताना तिनं कपड्यांशिवाय दोनच गोष्टी आणल्या. एक पितळी घंटा, आणि एक वाघर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची सुताची जाळी.

"आत्या, वाघर कशाला हितं?" सुनीतावहिनींनी विचारलं होतं म्हणे.

"असू दी. शहरात बी लांडगं असत्यालच की."

पहिले आठ दिवस ती नुसती गॅलरीत बसून आम्हाला बघत होती. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसून एकाच मोबाइलमध्ये सहा डोकी घालायचो. नवव्या दिवशी ती आली, तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि टाच अंगठ्यानं दाबली.

"खूर मऊ पडलेत," ती म्हणाली. "किती दिस झाले बसून हायस?"

'चालंल ते जगंल' हे तिचं एकमेव तत्त्वज्ञान. बसून राहिलेल्या मेंढराचे खूर वाढतात, मग ते लंगडतं, मग कळपाच्या मागं पडतं. मागं पडलेल्याचं पुढं काय होतं ते ती सांगायची नाही. डोक्यावर दोन बोटांचे टोकदार कान करून दाखवायची. तेवढ्यानं लहान मुलं तीन जिने एका दमात चढायची.

कुणी रस्त्यावर पळू नये म्हणून तिनं ती वाघर बिल्डिंगच्या तोंडाशी आडवी बांधली. पहिल्याच दिवशी तिच्यात सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका सापडले. डोक्यावर हेल्मेट, हातात दह्याची पिशवी. सुटायला जितकी धडपड करावी तितके गुंतत गेले.

"ही काय पद्धत झाली, आत्याबाई?"

"हलू नगा. मेंढरू बी हलत नाय यवढं," ती गाठ सोडवत म्हणाली. "जाळीला काय ठावं, तुम्ही सेक्रेटरी हायेत ते."

जिना चारून झाला की कळप बसवायचा, आणि खरी गंमत इथं होती. गावाकडं पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला विनवण्या करतो, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. रात्रभर कळप बसला की लेंड्यांनी जमीन कसदार होते, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. ही पद्धत आत्यानं जशीच्या तशी औरंगपुऱ्यात आणली. रोज एक घर. दारात उभी राहून ती मोठे उपकार केल्यासारखं सांगायची, "आज तुमच्या रानात बसवते. उद्या म्हणलात तर नंबर लागायचा नाय."

चौदा घामट पोरं हॉलमध्ये घेणं हा आपला सन्मान आहे, हे कुलकर्णीकाकूंच्या लक्षात यायला आठवडा गेला.

"अहो आत्या, फरशी आत्ताच पुसलीये."

"तेच म्हन्ते मी. पुसून पुसून पड पाडलंय रान. लेकरं बसली नाय ते रान पडच."

पड म्हणजे न कसलेली, ओस जमीन. हे वाक्य ती बिल्डिंगभर ऐकवत फिरायची आणि लोक हसून दार उघडायचे. दुसऱ्या मजल्यावरचे टेलर सलीमचाचा तर स्वतःच विचारायचे, "गयाबुआ, मेरेकू कब नंबर देते? मशीन बाजू को सरकाके रख्या मैं."

आत गेल्यावर गाद्यांच्या वळकट्या म्हणजे बांध, त्यांवरून कोकरासारखी दोन्ही पायांनी उडी. अंथरलेली चादर म्हणजे नदी, तिला पाय लागला तर वाहून गेलात. आणि सोफ्यामागं एक लांडगा. स्वयंपाकघरातून हॉलच्या दारापर्यंत त्याच्या नकळत पोचायचं. आवाज केला तर बाद, कारण मेंढरू ओरडलं की लांडग्याला कळतं. चौदा मुलं तासभर घर तुडवायची आणि खालच्या घरातल्या आजोबांची झोप मोडायची नाही. हे कुठल्या शाळेला कधी जमलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या घरात मात्र ती दारातच थबकली. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे आणि पुढची खोली पत्रकांच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. 'ग' गणपतीचा नव्हता, गिरणीचा होता.

"कागदाचं रान," आत्या म्हणाली. "चरायला काय बी नाय." मग तिनं ते गठ्ठे ओळीनं मांडले आणि आम्हाला एकावरून दुसऱ्यावर उड्या मारायला लावल्या. बाबा चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "चला, कुणाच्या तरी उपयोगी पडल्या मागण्या."

संध्याकाळी मोजणी. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून ती मोजायची. नुसत्या नजरेनं मोजलेलं तिला खरं वाटायचं नाही. शेवटचं डोकं माझं. "चौदा. भरली." भरली म्हणजे कळप पुरा झाला. त्याशिवाय वाघर सुटायची नाही.

परवा एका मैत्रिणीच्या मुलाला घेऊन शहरातल्या एका 'प्ले झोन'मध्ये गेले होते. थंडगार हॉल, प्लास्टिकच्या चेंडूंचं तळं, टी-शर्ट घातलेला प्रशिक्षक आणि पायात मोजे सक्तीचे. खूर झाकूनच आत घेतात. मी सवयीनं त्या पोराची टाच दाबली. मऊ होती. आत्याला फोन केला. गुडघ्यांनी जिना सोडला तशी ती गावाकडं परतलीय. 'जिना चढता येत नाय तर शहरात काय चरू,' म्हणाली होती. ती फोनवर 'कशी आहेस' असं कधी विचारत नाही. "चालती हायस ना?" एवढंच विचारते. त्या आवाजानं मला ते दोन दिवस आठवले, जे मी कुणाला सांगत नाही.

त्याचं असं झालं. घंटा गळ्यात घालून कळपापुढं चालायचा मान सलीमचाचांच्या नातवाला होता, आणि मला तो निवडणुकीनं ठरावा असं वाटत होतं. आत्यानं ऐकलं नाही. "मेंढरं मतदान करत नाईत. म्होरकं आपोआप म्होरं व्हतं." हा राग मनात होताच. त्यात एक दिवस हिशेब केला, तर आठ घरांत कळप दोन-दोनदा बसला होता. नववं घर खुद्द आत्याचं, तिथं एकदाही नाही. आम्ही त्या दारावरून रोज पुढं जायचो. दाराशी आलं की आत्या आवाज न करता, नुसत्या हातानं आम्हाला पुढं हाकायची.

अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढं मला येत होतं. वहीचा दुहेरी कागद घेतला, लाल पेननं लिहिलं आणि पहिल्या मजल्यावरच्या भिंतीला भातानं चिकटवलं.

तीनला 'टुर्रर्र' आलं नाही. खाली गेले तर आत्या त्या कागदासमोर उभी. तिला वाचता यायचं नाही.

"तुझंच काम दिसतंय. काय लिवलंय? वाच की."

मी वाचलं. बाबा सभेत वाचायचे तसं, खणखणीत. "रहिवाशांनो, विचार करा. इतरांची घरं तुडवायची आणि स्वतःचं राखायचं, हा कुठला न्याय? सगळ्यांची रानं कसदार झाली. पहिल्या मजल्यावरचं रान मात्र पड..."

आत्याचा तळवा माझ्या तोंडावर आला. "बास," ती म्हणाली. ओरडली नाही. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. त्यांचं दार अर्धं उघडं होतं आणि सुनीतावहिनी तिथं उभ्या होत्या. त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. आत्यानं कागद नखानं सोलून काढला, घडी केली आणि कमरेला खोचला. त्या दिवशी कळप निघाला नाही.

संध्याकाळी आईनं मला समोर बसवून सांगितलं. सुनीतावहिनी दोन वर्षांत दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातानं परतल्या होत्या. "आत्या बिल्डिंगभर पड पड करत फिरते, पण सुनेसमोर तो शब्द कधी ऐकलास तू?" आईनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तीनच्या आधीच जाऊन त्यांच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसले. माफीचं वाक्य पाठ केलं होतं. आत्या शेजारीच बसली होती, वाघरीची एक तुटलेली गाठ बांधत. एकेक करून बाकीची मुलंही आली. तेवढ्यात दार उघडलं. सुनीतावहिनींच्या हातात मापटंभर ज्वारी होती.

"आत्या, आज मेंढरं आपल्यात बसवा."

"आगं, पर..."

"रोज तीनच्या आत फरशी पुसून ठेवते मी. आधी जिन्यात पाय वाजतात, मग शेजारच्या दाराशी वाजतात. आपल्या दारावरनं सगळी मुकाट्यानं पुढं जातात." त्यांचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला वाटलं, माझ्या घरात लेकरं आणायचं तुमालाच नको वाटतंय."

  आत्याच्या हातातली गाठ तशीच राहिली.

"तुला तरास हुईल म्हून, माय," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, तुला बघवायचं नाय."

"मला न बघून तरास व्हतो."

वहिनींनी मापटं पुढं केलं. इतर घरांनी बिस्किटं दिली होती, चिवडा दिला होता, कुलकर्णीकाकूंनी तर सरबत. रिवाजाप्रमाणं धान्य कुणीच दिलं नव्हतं, आणि आत्यानंही मागितलं नव्हतं. ती उठली, पदर पसरला, ज्वारी घेतली आणि मगच तिच्या तोंडून 'टुर्रर्र' निघालं. जरा घोगरं.

माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत ढकललं, बस्स.

त्या दिवशी लांडगा सुनीतावहिनी झाल्या. सोफ्यामागं लपल्या, पण त्यांना हसू आवरेना, त्यामुळं सगळी मेंढरं सुखरूप पार झाली. चादरीची नदी चुरगळली, वळकट्या सुटल्या, पुसलेल्या फरशीवर अठ्ठावीस पायांचे ठसे उमटले. वहिनी मधोमध मांडी घालून बसल्या आणि दम खात त्या खुणांकडं बघत राहिल्या. पुसायला उठल्या नाहीत.

मग मोजणी. आत्या ओळीनं डोक्यांवर हात ठेवत आली. बारा. तेरा. माझ्या डोक्यावर हात जरा जड पडला. चौदा. मी 'भरली'ची वाट बघत होते, पण ती पुढं सरकली, वाकली आणि फरशीवर बसलेल्या सुनेच्या डोक्यावर तिनं हात ठेवला.

"पंधरा," ती म्हणाली. "आता भरली."