मजबूत मोटर आणि आबांचा होकार

आमच्या व्हिडिओची, म्हणजे टीव्हीला जोडून कॅसेट लावायच्या यंत्राची, मोटर जळाली तेव्हा मी दुकानात जाऊन एकच वाक्य बोललो, "सलीमभाई, मजबूत टाका, पुन्हा यायला नको." यंत्रातलं मला काही कळत नाही. पण न कळणाऱ्याने दुकानात निदान ठामपणे बोलावं, असा माझा समज आहे. सलीमभाईंनी शब्द राखला. कुठल्याशा भलत्याच यंत्राची मोटर त्यांनी आत बसवून दिली. ती माझ्या नातवंडांनाही पुरली असती. फक्त बटण दाबलं की घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. पलीकडच्या गल्लीतून कुणी दळणाचा डबा घेऊन आलं नाही, एवढंच.

पण आबा आले.

आबा आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मूळचे धुळ्याकडचे, पण सगळी नोकरी जळगावात एका जिनिंगच्या हापिसात गेली. कापसाच्या त्या खडखडाटात एखाद्याचे कान बधिर झाले असते. आबांचे उलट तिखट झाले. बायको वारल्यानंतर आणि एकुलती एक सुमन चाळीसगावला सासरी गेल्यानंतर तर घरात ऐकायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ते सगळ्या गल्लीचं ऐकायचे. आणि त्रास व्हायला लागला की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे. कापूसही निवडक. "लांब धागाना शे," असं ते अत्तर दाखवावं तसं दाखवायचे. बोलायला आले की एक बोळा काढून हातात धरायचे. समोरच्याचं बोलणं कंटाळवाणं निघालं की बोळा परत आत. कचेरीत माझ्यापुढे उभं राहायला लोक घाबरायचे. आबांपुढे माझं दुसरं वाक्य कधी पुरं झालं नाही.

जगातल्या प्रत्येक बिघाडाचं त्यांचं निदान एकच: "कोठेतरी घसाई ऱ्हायनं," म्हणजे कुठेतरी घासतंय. माझ्या स्कूटरला तेच, समोरच्या घरातल्या सासू-सुनेला तेच, निवडणुकीच्या निकालालाही तेच. आणि उपायही एकच, शिवणयंत्राच्या तेलाची चोचीची कुपी. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची आणि खिशावर तिचा नकाशा उमटलेला असायचा.

व्हिडिओपुढे ते मान वाकडी करून उभे राहिले, बोळा काढला आणि म्हणाले, "भाऊ, घसाई ऱ्हायनं." हे सांगायला कान तिखट असण्याची गरज नव्हती.

त्या दिवसापासून आबा रोज संध्याकाळी यायला लागले. आधी तेल झालं. ते मोटरीला न लागता आमच्या हिने नुकत्याच धुतलेल्या टेबलक्लॉथला लागलं. मग त्यांनी माझ्या स्लीपरा कापून यंत्राच्या चार पायांखाली रबराचे तुकडे घातले. स्लीपरा नव्या होत्या, हे मला सकाळी कळलं. आवाज तसाच राहिला, पण यंत्र डुलायला लागलं. शेवटी त्यांनी पिंजाऱ्याकडून खास व्हिडिओच्या मापाची गादी भरून आणली, वर फुलाफुलांची खोळ. यंत्र त्या गादीत असं रुतलं की खालच्या हवेच्या फटी बंद झाल्या. आधीच आमचा जळगावचा मे महिना. कॅसेट बाहेर आली ती तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी. आबांनी ती या हातातून त्या हातात झेलत समाधानाने सांगितलं, "आते आवाज जरा मऊ वाटी ऱ्हायना."

रोज जाताना ही म्हणायची, "आबा, जेवूनच जा." रोज आबा दोन्ही बोळे कानांत घालता घालता म्हणायचे, "घरमा बठ्ठं तयार शे." तयार काय असायचं ते आम्हाला माहीत होतं. भिंतीपलीकडे एकच ताट वाजायचं, तेही फार थोडा वेळ.

मला वाटायचं, हा आवाजाचा नाद आहे, दुसरं काय. पण एके दिवशी ते धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. सुमनच्या लग्नाची कॅसेट. शूटिंगवाल्याने ती फार सावकाश दिली होती. आम्ही ती लावली. हळद झाली, पंगती झाल्या, मी चार वेळा जिलबी घेताना दिसलो. मग पाठवणी आली. बँड थांबलेला, सुमन आबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतेय आणि आबा जोरजोराने मान हलवताहेत. ती काय बोलली ते मोटरीच्या घरघरीत बुडून गेलं. टीव्हीचा आवाज वाढवला तर घरघर टीव्हीतूनही यायला लागली.

"मागे घ्या," आबा म्हणाले. आम्ही पुन्हा लावलं. पुन्हा तीच गिरणी.

मी सहज म्हटलं, तुम्ही तर तिथेच होता, ऐकलं असेल की. आबांनी खाली बघत तेलाच्या कुपीचं टोपण फिरवलं.

"बँडमुळे कानमा कापूस व्हता, भाऊ. पोरगी रडत बोलनी, मी हां म्हणी दिधं. कशाले हां म्हणनू, ते आजलोंग माहीत नही."

विचारा तिला, मी म्हटलं.

"कसं विचारू? दर सणाले येस. जाताना म्हणस, आबा, सांगेल तसं करतस ना? मी म्हणस, करस ना बेटा."

आम्ही दोघंही हसलो, पण मला ते हसू पुरं जमलं नाही. हा माणूस वर्षभर एक शब्द पाळतोय म्हणून सांगत होता आणि शब्द कोणता ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि मधे आडवी होती माझी मजबूत मोटर.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन सलीमभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, आपनेही मजबूत बोला था." मी म्हटलं, आता कमजोर टाका, पण गप्प बसणारी टाका. तशी मोटर मुंबईहून यायची होती. ती येईपर्यंत आबा रोज संध्याकाळी येऊन मोकळ्या गादीवर हात फिरवून जायचे.

मोटर बसली त्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि यंत्र बंदच आहे असं वाटून पुन्हा दाबलं. इतकं ते शांत. आबांनी दोन्ही बोळे काढले. दोन्ही काढताना मी त्यांना प्रथमच बघत होतो. हळद, पंगती, माझी जिलबी आम्ही भराभर पुढे ढकलली. सुमन वाकली. हुंदक्यातून आवाज अगदी स्वच्छ आला.

"आबा, आते तुम्ही एकला जेवू नका. शेजारे जेवाले जात जा. हां म्हना."

पडद्यावरचे आबा जोरजोराने मान हलवत होते. खुर्चीवरचे आबा हलत नव्हते. मग त्यांनी उगाच यंत्राला कान लावला आणि म्हणाले, "कोठेतरी घसाई ऱ्हायनं," आणि उपरण्याने डोळे पुसले.

हिने आत जाऊन तीन ताटं वाढली. वांग्याचं भरीत होतं आणि कळण्याची भाकरी. आबा पाटावर बसले. बोळे व्हिडिओवर राहिले होते, त्यामुळे माझी सगळी वाक्यं त्यांना पुरी ऐकावी लागली.

ते गेल्यावर मी हिला म्हटलं, बघ, एका मोटरीपायी बिचाऱ्याला केवढा वेळ थांबावं लागलं.

ही ताटं गोळा करत म्हणाली, "पाठवणीला मी सुमनच्या मागेच उभी होते. मला तेव्हाच सगळं ऐकू आलं होतं."

मग सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"पोरीचं बोलणं पोरीच्याच तोंडून ऐकू द्यावं. आणि सांगितलं असतं, तर त्या मोकळ्या गादीवर हात फिरवायला ते रोज आले असते का?"