घर, फ्लॅट आणि माझी गोपनीय पाहणी

भाड्यानं द्यायला घर घ्यावं की फ्लॅट, हा प्रश्न साऱ्या वर्ध्यात माझ्यापेक्षा पद्धतशीरपणे कोणी हाताळला असेल, तर त्यानं समोर यावं. मी त्याला माझ्या पैशानं चहा पाजतो. वर समोसाही देतो, कारण असा माणूस येणार नाही याची मला खात्री आहे.

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत मी टिपण्या लिहिल्या. दोन्ही बाजू मांडायच्या, खाली 'निर्णयार्थ सादर' लिहायचं आणि फाईल साहेबांकडे सरकवायची. निर्णय साहेबांचा. जूनमध्ये रिटायर झालो, फंडाचे पैसे बँकेत आले आणि जन्मात पहिल्यांदा असा एक निर्णय माझ्यासमोर आला ज्याच्या वर साहेब नव्हता. यशोदा होती. पण तिनं मोठ्या मनानं मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

"भाडं येईल असं कायतरी घ्या," ती म्हणाली. "घर घ्या का फ्लॅट घ्या, तुमचं तुमी ठरवा. पण दसऱ्याच्या आत ठरलं नाई, तर दादा म्हणते तसं करू."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ चंद्रभान. आंजी गावचा. त्याच्या शेताच्या धुऱ्याला लागून तीन एकर शेत विकायला होतं आणि माझ्या पैशांनी ते घ्यावं, असं त्याचं ठाम मत. आता आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत माझी स्कूटर चंद्रभाननं ठरवली, आमच्या सुमीतचं कॉलेज त्यानं ठरवलं, एवढंच काय, माझ्या नाकावरच्या चष्म्याची फ्रेमही त्याचीच पसंती आहे. त्यामुळे यावेळी काहीही झालं तरी हा एक निर्णय माझाच राहणार, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

माझं काम चाले वरच्या मजल्यावर. आमच्या घराला बाहेरून जिना आहे. वर दोन खोल्या, बाथरूम, छोटा ओटा. सुमीतचं लग्न झाल्यावर त्याला म्हणून बांधलं होतं. तो पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, मग वरचा मजला मी ताब्यात घेतला. खाट, कूलर, रेडिओ, टेबल आणि दुपारी दोन ते पाच कोणीही हाक मारणार नाही अशी शांतता. तिथे बसून मी फाईल उघडली. डावीकडे रकाना 'घर', उजवीकडे 'फ्लॅट'. घर होतं नालवाडीचं. तीन खोल्या, बोअर, अंगणात पेरूचं झाड. फ्लॅट होता नागपूर रोडकडे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

अडचण एकच होती. विकणारा माणूस भाडं किती येतं ते नेहमी फुगवून सांगतो. मग खरं भाडं कळणार कसं? इथे माझ्यातला जुना कारकून जागा झाला. गिऱ्हाईक म्हणून जायचंच नाही. भाडेकरू म्हणून जायचं! मी खाटेवर बसल्या बसल्या स्वतःच्या मांडीवर थाप मारली. यशोदालाही काही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चंद्रभानला कळलं असतं. फाईलवर लाल पेनानं 'गोपनीय' लिहिलं आणि निघालो.

फ्लॅट दाखवायला प्रेमदास नावाचा एजंट आला. हॉल दाखवला, बाल्कनी दाखवली, लिफ्टनं दोनदा वरखाली फिरवलं. मी गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून भाडेकरूसारखा उभा होतो.

"फॅमिली का बॅचलर?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. फॅमिली म्हटलं तर फॅमिली दाखवावी लागेल, म्हणून म्हणालो, "एकटाच आहो."

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "काका, लग्न झालं नाई का तुमचं?"

"झालं ना. एकतीस वर्षं झाले."

"मंग काकू?"

"आहे ना घरी."

"घर कुठी?"

"हे इथंच, वर्ध्यात. स्वतःचं आहे. मी वरच्या खोल्यांत असतो."

प्रेमदासनं लिफ्टचं बटण दाबलं. मग त्यानं मला खाली टपरीवर नेऊन चहा पाजला, माझा पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला आणि आपण होऊन म्हणाला, "काका, भाड्याचं टेन्शन घेऊ नका. मालकाले सांगून दीड-दोन हजार कमी करून देतो. पण एक डाव घरी बोलून पाहा."

मी घरी येऊन उजव्या रकान्यात लिहिलं: फ्लॅटला मागणी अत्यंत कमी. न मागता भाडं उतरवतात. स्वतःच्या हुशारीचा मला इतका आनंद झाला की त्या दुपारी झोपच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नालवाडी. घरमालक मोतीलालजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. माणूस जुना, बोलण्यात गोड. एकटाच राहणार म्हटल्यावर त्यांनीही माझ्याकडे तसंच पाहिलं. पण यावेळी माझी तयारी होती.

"काही दिवस एकटाच राहीन जी," मी म्हणालो. "पुढचं पुढं पाहू."

"भाऊ, रागात काही करू नये माणसानं," ते म्हणाले.

"राग कायचा? मी पूर्ण विचार करून आलो. दोन महिन्यांपासून याच्यावरच काम करून राह्यलो."

त्यांच्या बायकोनं आतून गरम पोह्यांची प्लेट आणली. मी दोन घास खाईपर्यंत मोतीलालजींनी आपल्याकडची नेहमीची चौकशी सुरू केली. मूळ गाव कोणतं? केळझर. सासर कुठचं? आंजी. कोणाकडचे जवाई? आता कोणी 'कोणाकडचे' म्हणून विचारलं की आपल्या भागातला माणूस उत्तर दिल्याशिवाय राहू शकत नाही. गोपनीय पाहणीवर आलेला माणूसही नाही. मी सासऱ्यांचं नाव सांगितलं, चंद्रभानचं सांगितलं, त्याचं घर मारुतीच्या देवळापासून कितवं तेही सांगितलं.

"अरे, चंद्रभानजीचे जवाई तुमी!" मोतीलालजी खुर्चीतून उठलेच. "मंग भाऊ, पयल्या महिन्याचं भाडं देऊच नका. या आन् राहा. मन शांत झालं का बोलू."

मी चक्रावलो. घरी येऊन डाव्या रकान्यात लिहिलं: घर तर फुकटही द्यायला तयार आहेत. म्हणजे घरही बुडीत आणि फ्लॅटही बुडीत? दोन्ही रकाने एकाच वेळी कोसळलेले मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. दसरा आठ दिवसांवर आला होता.

सकाळी दूधवाला यशोदाला विचारत होता, "काकू, आता अर्धाच लिटर देऊ का?" ती म्हणाली, "काऊन?" तो सायकलवर बसून निघून गेला. दुपारी शेजारच्या देवकाबाई वाटीभर आंब्याचं लोणचं घेऊन आल्या आणि यशोदाच्या पाठीवरून हात फिरवून रडल्या. रात्रीच्या जेवणाआधी पुण्याहून सुमीतचा फोन आला.

"बाबा, आईनं तुम्हाला काही म्हटलं का?"

"नाही रे. काय म्हणणार?"

"मग तुम्ही असं का करताय? या वयात?"

"अरे, याच वयात करायचं असतं! नोकरीत कुठे वेळ मिळाला?"

तिकडून फोन कट झाला. इकडे यशोदानं ताट माझ्यासमोर इतक्या जोरात ठेवलं की वरण सतरंजीवर गेलं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मले काय विचारता, तुमचं तुमाले ठाऊक." मला वाटलं, मुदत जवळ आल्यामुळे तिला काळजी लागली असावी.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. चंद्रभान उतरला, मागून त्याचे दोन चुलतभाऊ आणि आंजीचे माजी पोलीस पाटील. बसायला खुर्च्या कमी पडल्या. यशोदा स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, आणि ती रडत होती. एकतीस वर्षांत मी तिला फक्त सुमीत पुण्याला गेला तेव्हा रडताना पाहिलं होतं. 

"जवाईबापू," चंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि त्याचा आवाज भरून येतो हेच मला नवीन होतं. "काऊन? आमच्या बहिनीनं काय कमी केलं तुमाले?"

"कायचं काऊन?"

"नालवाडीले खोली पाहून आले ना तुमी? एकट्यासाठी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसायला लागलो. ते हसणं चुकलं. पोलीस पाटलांनी मान हलवली.

"अहो, ते तर इन्व्हेस्टमेंट होतं! थांबा, पुरावा दाखवतो." मी धावत वर गेलो आणि फाईल आणून चंद्रभानच्या हातात दिली. त्यानं माझ्याच पसंतीच्या, म्हणजे त्याच्याच पसंतीच्या फ्रेमचा चष्मा माझ्याकडून मागून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"गोपनीय. पत्नीस कळू देऊ नये. विषय, भाड्याच्या निवासाबाबत. मुद्दा एक, एकट्या माणसास घर सोयीचे की फ्लॅट."

यशोदानं मोठा हुंदका दिला. मी मुद्दा दोन वाचा, मुद्दा दोन वाचा, असं ओरडत होतो, पण ऐकतो कोण?

तेवढ्यात दारात एक जोडपं येऊन उभं राहिलं. मुलगा बँकेत, नाव रोशन. मुलगी अंकिता, दवाखान्यात नर्स. दोघंही गोंदियाहून नुकतीच बदली होऊन आलेली.

"नमस्कार काकू," मुलगी म्हणाली. "प्रेमदासभाऊंनी पाठवलं. काका घर सोडून जाऊन राह्यले म्हणे. तर वरच्या खोल्या रिकाम्या होतील का?"

 मग यशोदानं पदरानं डोळे पुसले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग फाईलकडे, मग जिन्याकडे. एकतीस वर्षं ओळखतो मी तिला. सारा हिशेब तिच्या ध्यानात आला होता, मी निर्दोष आहे हेसुद्धा.

"किती माणसं?" तिनं विचारलं.

"आमी दोघंच काकू."

"भाडं किती देसान?"

मुलानं आकडा सांगितला. माझ्या दोन्ही रकान्यांत मिळून कुठेही एवढा आकडा नव्हता.

"दादा," यशोदा म्हणाली, "जरा या दोघायले वर नेऊन खोल्या दाखव बरं." चंद्रभान उठला. दहा मिनिटांनी तो खाली आला तेव्हा माझा रेडिओ त्याच्या हातात होता. मागून चुलतभाऊ माझी खाट उतरवत होते.

"अन् पैशाचं?" मी चाचरत विचारलं. "दसरा?"

"पैसे बँकेत राहू द्या. घर नको, फ्लॅट नको. अन् दादा, शेत बी नको," ती म्हणाली. चंद्रभानचा चेहरा पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, तेवढाच काय तो आनंद. मग तिनं फाईल मागितली, शेवटच्या पानावर सही केली आणि मला परत दिली. दसऱ्याच्या सहा दिवस आधी निर्णय लागला. साहेबांचा.

आता माझी खाट बाहेरच्या पडवीत आहे. कूलर वरच राहिला, तो भाड्यात धरला आहे. दुपारी दोन ते पाच गॅसवाला येतो, कुरिअरवाला येतो, देवकाबाई येतात, आणि वरून रोशन हाक मारतो, "काका, बाथरूमचा नळ गळून राह्यला जी."

परवा डोळा लागतच होता, तर फोन वाजला. प्रेमदास.

"काका, तो फ्लॅट अजून रिकामाच आहे. मिटलं ना घरचं?"

"मिटलं," मी म्हणालो. मग आत डोकावून पाहिलं. यशोदा भाजी निवडत होती. मी फोन तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "एकट्या माणसाले दुपारपुरता देते का मालक?"