स्मरणार्थ अंडीचोर

कॉलनीच्या बागेत फायबरचे डायनासोर बसवायचं ठरलं आणि ते कोण देणार हा प्रश्न आला, तेव्हा बाग समितीचे अध्यक्ष उदयसिंह यांनी नेहमीचा मार्ग काढला. एकेका घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एकेक पुतळा द्यायचा. सोलापुरातली किती बाकडी आणि पाणपोया अशाच उभ्या राहिल्या आहेत. डायनासोरांनी वेगळं राहायचं काही कारण नव्हतं.

पाट्यांचं काम विज्ञान शिकवणाऱ्या यशपाल सरांकडे आलं. डायनासोरांची मूळ शास्त्रीय नावं उच्चारताना सगळ्या समितीची बोबडी वळली.

"सर, ह्या नावांचा मराठीत काय अर्थ हुतो, त्येवढंच लिवा की," उदयसिंह म्हणाले. "लोकांना कळाय नको व्हय?"

सरांना कल्पना भलतीच आवडली. त्यांनी अर्थ लिहून दिले, समितीने दिवंगतांची नावं दिली आणि अक्कलकोटच्या सिद्धप्पा पेंटरने वर एक, खाली एक अशी झोकात रंगवून टाकली. दोन्ही ओळी सलग वाचून पाहायचं मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही. प्रत्येकाला आपापली ओळ पुरेशी होती.

उद्घाटनाला बाग भरली. पहिला पडदा उदयसिंहांनी स्वतः ओढला.

'जुलमी सरड्यांचा राजा. कै. आप्पासाहेब यांच्या स्मरणार्थ.'

आप्पासाहेब म्हणजे उदयसिंहांचे वडील. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. उदयसिंहांनी सरांकडे पाहिलं, सरांनी जमिनीकडे. तेवढ्यात आप्पासाहेबांची थोरली सून डोक्यावरचा पदर सावरत शांतपणे म्हणाली, "असू द्या. बरुबर हाय."

घरातल्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या, तेव्हा उदयसिंह पुढच्या पडद्याकडे वळले. तो केराबाईंनी नवऱ्याच्या नावाने दिलेल्या पुतळ्याचा होता.

'अंडीचोर. कालकथित धोंडिराम यांच्या स्मरणार्थ.'

केराबाईंनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि पेढा न घेता त्या घरी निघून गेल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोंडिरामकाकांनीच त्यांना लहानपणी सायकल शिकवली होती.

उदयसिंहांनी तिथल्या तिथे पुतळ्यांच्या अदलाबदलीचा प्रयत्न केला. 'तीनशिंग्या तोंडाचा' ज्यांच्या आजोबांच्या नावे होता, ते म्हणाले, "आमी का घ्यावं चोराला?" 'छपराच्या सरड्या'च्या घरच्यांनी तर पुतळ्याभोवती कडंच केलं. अंडीचोर कोणाच्याच दिवंगताला नको होता. शेवटी सर एकटेच केराबाईंच्या दारात गेले.

"मावशी, चूक माझी आहे. पाटी आजच काढतो."

"काढून काय हुतंय?" केराबाई म्हणाल्या. "वाचली की समद्यांनी. तुला म्हाईत हाय का, ह्यांची नोकरी कशानं गेली?"

सरांना माहीत नव्हतं. कॉलनीत कोणालाच माहीत नव्हतं.

"बार्शीकडं वसतिगृहात कोठी सांबाळायचे. अंडी कमी भरायला लागली. हे म्हनले, घुशी खात्यात. म्हनून राखणीला ट्रेपाशी बसले. सायबानं नेमकं तितं बघितलं आन् चोर म्हनून काढून टाकलं. मग हितं आलो. मरंस्तवर अंड्याला हात लावला न्हाई त्या मानसानं."

सर खाली बसले. मग ते म्हणाले, "मावशी, त्या जनावराचंही असंच झालंय."

"कसं?"

"मंगोलियाच्या वाळवंटात त्याचा सांगाडा अंड्यांपाशी सापडला. विद्वानांना वाटलं, दुसऱ्याची अंडी पळवताना मेला असणार. म्हणून नाव ठेवलं अंडीचोर. पुढं कितीतरी वर्षांनी तशाच एका अंड्यात पिल्लू सापडलं, ते त्याच्याच कुळातलं. चोर नव्हता तो. ही जनावरं आपलीच अंडी उबवायची."

केराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मग नाव बदललं आसंल की त्येचं?"

"नाही. एकदा दिलेलं शास्त्रीय नाव खोटं ठरलं म्हणून बदलत नाहीत. तसा नियम आहे."

"म्हंजे तितं बी सायबच," केराबाई म्हणाल्या. मग ताठ बसून त्यांनी हुकूम सोडला, "पाटी काढू नगंस. फकस्त मदी एक वळ घाल."

सिद्धप्पाने ओळ घातली. आता पाटी अशी आहे: 'अंडीचोर. याने चोरी केलेली नाही. कालकथित धोंडिराम यांच्या स्मरणार्थ.'

ती वाचून उदयसिंहांनी कपाळाला हात लावला. "सर, आता तर ज्येला कायबी ठावं न्हवतं, त्यो बी इचारणार, चोरी कसली म्हनून!"

झालंही तसंच. बागेत येणारं प्रत्येक माणूस त्या पाटीपाशी थांबतं आणि चौकशी करतं. शेजारच्या बाकावर संध्याकाळी केराबाई बसलेल्या असतात. आधी वसतिगृह, मग मंगोलिया, असं त्या सगळं सांगतात. इतक्या वर्षांत त्यांच्या नवऱ्याची बाजू कोणी विचारलीच नव्हती. एखादा न थांबता पुढे निघालाच, तर त्या बाकावरून मोठ्याने हाक मारतात, "ए दादा, पाटी वाचलीस न्हवं? मग इचार की!"