चित्र साफ, हवा बंद

रुपरावनं हिशेब आदल्या दिवशीच मांडून ठेवला होता. खर्चाच्या बाजूला जावयाला कपड्यांचा जोड, चांदीची वाटी, अनारशांचा डबा आणि दिवसभर मान खाली. जमेच्या बाजूला एकच गोष्ट. संध्याकाळी धर्मेंद्र भिवापूरला परत निघेल, तेव्हा मोटरसायकलच्या मागच्या सीटवर काजल बसलेली असेल. सौदा स्वस्तात पडत होता.

काजल दिवाळीपासून माहेरी होती. तिचा गुन्हा असा की, धर्मेंद्रनं घरची पाण्याची मोटर दुरुस्त केली आणि चार पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "पण नळाले पाणी तं येऊनच नाही राहिलं." पाणी खरोखरच येत नव्हतं, त्यामुळे गुन्ह्याला माफीही नव्हती. "तुले लय समजते, तं बापाच्याच घरी राय," म्हणून त्यानं तिला नागपूरला आणून सोडलं. तेव्हापासून फोन नाही की निरोप नाही. धर्मेंद्रचं मोबाइलचं दुकान होतं, कव्हर आणि चार्जर विकायचं. पण तो टेस्टर खिशाला लावून फिरायचा आणि जगातली कुठलीही वस्तू उघडायला मागेपुढे पाहायचा नाही. मिटवणं हा त्याच्या कामाचा भाग नव्हता.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला, हे रुपरावला देवानं उघडलेलं दार वाटलं. धोंड्यात जावई म्हणजे नारायण. बोलावलं तर नारायणाला नाही म्हणता येत नाही. त्याच्या बायकोनं, सुभद्रानं, त्या दिवशी सकाळीच घरात कायदा लावला. "जावई काहीही म्हणो, आपण हाव म्हणायचं. काजल, तू तं तोंडच नको उघडू वं." काजलनं मान हलवली. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

धर्मेंद्र आला, आणि घरात न शिरता शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उभ्या गाडीत शिरला. रुपरावनं जन्मभर शाळेची मिनीबस चालवली. ती मोडीत निघाली तेव्हा त्यानंच ती घेतली आणि तिचं चाकावरचं घर केलं. पलंग, टीव्ही, टपावर डिशची छत्री, बॅटरीवर चालणारे दोन पंखे. पेंचला वाघ पाहायला जाणारे लोक तिला कॅरव्हॅन म्हणायचे आणि भाड्यानं न्यायचे. तिच्यात एकच खोड होती. पंखा लावला की टीव्हीवरचं चित्र फुटायचं, माणसांचे चौकोन व्हायचे, आवाजाला खरूज लागायची. वाघ पाहणाऱ्यांची कधी तक्रार नव्हती. जावयाला मात्र मॅच पाहायची होती.

"जावईबापू, घरात चला ना, कूलर लावला आहे," रुपराव म्हणाला.

"नाही मामाजी, कूलरचा लय आवाज होते. मी इथंच बसतो." त्यानं पंखा लावला. फलंदाजाचं डोकं एका कोपऱ्यात गेलं आणि बॅट दुसऱ्या. धर्मेंद्रचा चेहरा उजळला. बिघडलेली वस्तू दिसली की त्याला पाहुणचार झाल्यासारखं वाटायचं. "कंडेन्सर लागते याले. मी व्हिडिओ पायला आहे. आहे का घरी कंडेन्सर?"

"नाही जी."

"छताच्या पंख्यात असते."

रुपराव बायकोकडे पाहू लागला. सुभद्रानं डोळ्यांनीच कायदा वाचून दाखवला. "हाव," रुपराव म्हणाला.

घरातल्या दोन्ही खोल्यांतले पंखे उतरले, त्यांच्या पोटातले कंडेन्सर निघाले आणि गाडीत आले. आता कंडेन्सर दोन्ही तारांना आडवा जोडायचा असतो, एवढं चाळीस वर्षं गाडीखाली लोळलेल्या रुपरावला ठाऊक होतं. जावयानं पंख्यांची तार कापली आणि तो मधेच बसवला. म्हणजे वाहत्या पाटात मातीचा ढीग घातला. बॅटरीची वीज तिथंच अडली. पंखे गपकन थांबले.

आणि टीव्हीवरचं चित्र असं आलं की गोलंदाजाच्या मिशा मोजाव्या.

"झालं?" धर्मेंद्र म्हणाला.

"वा, काय चित्र आलं," सुभद्रा म्हणाली.

"पण जावईबापू, पंखा..." रुपरावच्या तोंडून निसटलं.

"काय झालं पंख्याले?"

रुपरावला खिडकीतून घराच्या दाराशी ठेवलेली बॅग दिसली. "काही नाही. आवाज अजिबात येत नाही म्हटलं."

"आता तो सायलेंट झाला," धर्मेंद्र समाधानानं म्हणाला. "थोडा सेट होऊ द्या, मंग फिरते. आणि त्या खिडक्या लावून घ्या, पडद्यावर उजेड पडून राहिला. या, सगळे बसा. काजलले बी बोलवा. पाहू दे तिलेही."

बाहेर नागपूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन होतं, ज्यात कावळासुद्धा चोच उघडी ठेवून सावलीला बसतो. आत पत्र्याचा डबा, बंद खिडक्या, चार माणसं आणि दोन पंखे सेट होत बसलेले. वाटी, अनारसे, कपडे, सगळं वाण गाडीतच दिलं होतं आणि नव्या कपड्यांची घडी धर्मेंद्रनं लगेच मोडली होती, म्हणून तो ते अंगावरून काढू शकत नव्हता. सासऱ्यासमोर बनियानवर बसणं नारायणाला शोभत नाही. सासरा जावयासमोर उठून जाऊ शकत नव्हता. सासूला पदर खाली घेता येत नव्हता. काजलला तोंड उघडायचं नव्हतं. चौघंही कुकरमधल्या डाळीसारखे मुकाट शिजत होते आणि मधूनमधून सुभद्रा म्हणत होती, "चित्र मात्र लय साफ आहे."

"घाम येऊन राहिला का तुमाले?" धर्मेंद्रनं विचारलं. त्याच्या नाकावरून धार लागली होती.

"नाही जी," रुपराव म्हणाला. "बरं वाटते."

शेवटच्या षटकात चौकार गेला. धर्मेंद्र उत्साहानं उभा राहिला, त्याचे डोळे फिरले आणि तो सरळ अनारशांच्या उघड्या डब्यावर बसला. सुभद्रा किंचाळली. तिनं कोपऱ्यातला माठ उचलला आणि होता नव्हता तो सगळा जावयावर रिकामा केला. अर्धं पाणी जावयावर पडलं. अर्धं टीव्हीवर. टीव्हीनं एक बारीक शिंक दिली आणि साफ चित्र कायमचं साफ झालं.

धर्मेंद्र शुद्धीवर आला. आधी त्यानं टीव्हीकडे पाहिलं, मग स्वतःकडे. नव्या पँटला अनारसे चिकटले होते.

"मले माराले बोलावलं का?" तो ओरडला. "जावयाले भट्टीत बसवता? एक धड पंखा नाही तुमच्याकडं."

"चूक झाली, बापू," रुपराव हात जोडून म्हणाला. घराच्या ओट्यावर ती बॅग अजून तशीच होती. "पंखे आमचेच खराब होते. जुने झाले."

सगळं तिथंच मिटलं असतं. धर्मेंद्रचा आवाज खालीही आला होता. "मंग आधी सांगायचं ना," तो म्हणाला, आणि काजलकडे वळला. "चल, बॅग घे."

काजल जागची हलली नाही. ती बापाचे जोडलेले हात पाहत होती.

"बाबा, हात खाली करा," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "पंखे चांगले होते. तार तुमी कापली."

धर्मेंद्रनं चांदीची वाटी खिशात घातली, ओल्या कपड्यांनिशी मोटरसायकलला लाथ मारली आणि उमरेड रोडला लागला. मागची सीट रिकामी होती.

"काहून बोलली वं?" सुभद्रा रडत म्हणाली. "एक दिवस. एक दिवस गप्प नव्हतं राहवत?"

"एक दिवस राहिली असती आई," काजल म्हणाली. "तिकडं रोजच मोटर दुरुस्त होते."

तिनं बॅग आत नेऊन ठेवली. रुपरावनं कापलेल्या तारा पुन्हा जोडल्या. गाडीतले पंखे फिरू लागले. बंद टीव्हीसमोर तो हवा खात बसला, आणि ती हवा त्याला अजिबात लागत नव्हती.

चार दिवसांनी धर्मेंद्रचा फोन आला. रुपरावनं नाव पाहिलं आणि सुभद्राला हाक मारली. सुभद्रा धावत आली. देवाजवळ दिवा लावायला ती अर्ध्यातून वळलीसुद्धा.

"मामाजी," धर्मेंद्र म्हणाला, "तुमच्याकडं माहं काही राहिलं आहे."

"हाव बापू, हाव," रुपराव म्हणाला. "आहे ना. तुमचीच आहे. केव्हा येता न्यायले?"

"येत नाही. पाठवून द्या. टेस्टर आहे, पिवळ्या दांडीचा. गाडीत पलंगाखाली पाहा."

काजलनंच पलंगाखाली वाकून तो शोधला, कागदात गुंडाळला आणि त्यावर सासरचा पत्ता लिहिला. अक्षर कुठंही हललं नव्हतं.

कुरिअरवाल्यानं पुडकं हातात तोललं. "काका, पैसे कोण देणार? पाठवणारा का घेणारा?"

रुपरावनं खिशात हात घातला.